टेक्सासला नव्याने आलात? गल्लीतल्या मेक्सिकन हॉटेलात जेवायचं कसं

डॅलसच्या उत्तरेला, आमच्या घरापासून गाडीने सात मिनिटांवर, टायरचं दुकान आणि नाण्यांवर चालणारी लॉन्ड्री यांच्या मध्ये एक मेक्सिकन हॉटेल आहे. टेबलं मोजून बारा. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कायम फुटबॉल चालू आणि काउंटरवर चिंचेच्या तिखट गोळ्यांची बरणी. गेली नऊ वर्षं आम्ही महिन्यातून दोन-तीनदा तरी तिथे जेवतो. पण सोलापूरहून आले त्या पहिल्या वर्षी अशा हॉटेलांत जे जे करू नये ते सगळं माझं करून झालं होतं. फुकटच्या चिप्सनी पोट भरून घेतलं, तिखट नसेल म्हणून नेमकी जहाल चटणी वाढून घेतली, एकाच बिलावर दोनदा टिप दिली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र नेता आली नाही. त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवत नाहीत. अमेरिकेत बाहेरचं काहीच त्यांच्या पसंतीला उतरेना, अपवाद फक्त या हॉटेलातल्या भात आणि घेवड्याचा. दर शनिवारी आम्ही त्यांना घेऊन जायचो, त्या लिंबू पिळून मजेत खायच्या. चौथ्या महिन्यात मला कळलं की भात कोंबडीच्या पाण्यात शिजतो आणि घेवडा डुकराच्या चरबीत परततात. मी त्यांना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तू विचारलं नव्हतंस का गं?"

नव्हतं विचारलं. मेन्यूवर ‘राइस अँड बीन्स’ लिहिलेलं होतं, त्यात विचारायचं ते काय, असं मला वाटलं होतं. काय विचारायचं, कोणाला आणि कोणत्या शब्दांत, ते आता खाली पायरीपायरीने लिहिते.

सोबत काय असू द्यावं

- कार्ड, आणि थोडी रोख रक्कम. त्यात एक-एक डॉलरच्या पाच-सहा नोटा. छोट्या टाकेरियांत (टाकोच्या साध्या हॉटेलांत; टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, मेक्सिकन पोळी) आणि टाकोच्या ट्रकवर कधी कधी फक्त रोखच चालते.
- मद्य घेणार असाल तर वय दाखवणारं मूळ ओळखपत्र. टेक्सासचं लायसन्स अजून हातात आलं नसेल तर पासपोर्ट. वयाची अट २१ वर्षांची आहे आणि केस पिकलेले असले तरी विचारतात. फोनमधला पासपोर्टचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही.
- खाली दिलेले स्पॅनिश प्रश्न फोनमध्ये उतरवून.
- पिशवी-डबा काही नको. उरलेलं बांधून देतात, आणि मागायला कोणी लाजत नाही.

१. आधी हॉटेलाची जात ओळखा

पाटी मेक्सिकन असली तरी आत दोन वेगळी स्वयंपाकघरं असू शकतात. एक टेक्स-मेक्स. हे टेक्सासमध्येच वाढलेलं जेवण: वितळलेलं पिवळं चीज, मैद्याच्या टॉर्टिया, आणि बऱ्यापैकी जिरं. आपल्याला पहिल्याच घासाला ओळखीचं वाटतं ते या जिऱ्यामुळे. इथे ‘कॉम्बिनेशन प्लेट’ असतात, त्यांना नंबर असतात, आणि लोक सरळ "मला सात नंबर" म्हणून मोकळे होतात.

दुसरं म्हणजे टाकेरिया किंवा घरगुती मेक्सिकन हॉटेल. पाटीवर बऱ्याचदा हालिस्को, मिचोआकान, ओआहाका अशा एखाद्या राज्याचं नाव असतं. आपल्याकडे ‘अस्सल कोल्हापुरी’ लिहितात तसंच. चीज पांढरं आणि भुरभुरीत, टॉर्टिया मक्याच्या, वर कांदा-कोथिंबीर आणि बाजूला लिंबाची फोड.

दोन्हींत कमी-जास्त काही नाही, पण अपेक्षा चुकली की जेवण चुकतं. टाकेरियात जाऊन पिवळ्या चीजची नाचोजची ताटली मागितलीत तर मिळेल कदाचित, पण पुण्यातल्या खानावळीत छोले-भटुरे मागितल्यासारखं होईल.

आमचं हॉटेल मधलं आहे. पुढे टेक्स-मेक्सचा मेन्यू छापलेला, आणि फळ्यावर खडूने लिहिलेले घरचे पदार्थ. असा फळा दिसला की आधी तो वाचा.

२. दारातून टेबलापर्यंत

दाराशी ‘बसवेपर्यंत थांबा’ अशी पाटी असेल तर थांबा. रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसू नका. टाकेरियात उलट असतं. आधी काउंटरवर ऑर्डर, मग नंबर घेऊन कुठेही बसा. काउंटरवर "पारा आकी ओ पारा येवार?" असं विचारतील. म्हणजे इथेच खाणार की घेऊन जाणार. "आकी" म्हटलं की झालं.

वाढणारा मुलगा "आओरीता" म्हणाला तर घड्याळ बघू नका. शब्दशः अर्थ ‘आत्ताच’. व्यवहारात तो आपल्या "आलोच हं"चा सख्खा भाऊ आहे.

३. चिप्स आणि चटण्या

टेक्सासमध्ये टेबलावर बसताच चिप्स आणि साल्सा येतो. बैठकीच्या हॉटेलांत तो बहुधा फुकट असतो आणि टोपली रिकामी झाली की पुन्हा भरतात. नवखा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो. दोन टोपल्या संपेपर्यंत ताट येतं आणि भूक गेलेली असते. आमच्याकडे नियम आहे: ऑर्डर देईपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही. मुलं पाळतात, नवरा पाळत नाही.

चटण्यांच्या रंगावर जाऊ नये. आपल्या डोक्यात लाल म्हणजे तिखट. इथे भाजलेल्या टोमॅटोची लाल साल्सा अनेकदा सर्वांत सौम्य असते. पातळ हिरवी तोमातियोची असते. तोमातियो हे रसभरीच्या कुळातलं, कागदी पापुद्र्यात गुंडाळलेलं आंबट हिरवं फळ. ही मध्यम. आणि ती घट्ट, मऊ, फिकट हिरवी, जी बघून सगळ्यांना वाटतं की आवोकाडो घातलाय? टेक्सासच्या टाकेरियांत ती बऱ्याचदा शिजवलेल्या हालापेन्यो मिरच्या तेलात घोटून केलेली असते, आवोकाडोचा पत्ता नसतो. मी ती पहिल्या दिवशी दहीवड्यावर दही घालावं तशी घातली होती. केशरी रंगाची दिसली तर हाबानेरो मिरचीची समजा आणि आधी काडीने चाखा.

विचारायचं वाक्य: "क्वाल पीका मास?" म्हणजे जास्त तिखट कोणती. पण त्यांनी "नो पीका", तिखट नाही, असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपण पाहुण्यांना सांगतो ना, तसंच आहे ते.

फळ्यावर ‘साल्सा माचा’ दिसली तर सोडू नका. वाळलेल्या मिरच्या, शेंगदाणे आणि लसूण तेलात तळून भरड कुटलेली चटणी. सोलापूरच्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. आणखी एक, मेन्यूवर नसलेली गोष्ट: "चिलेस तोरेआदोस" मागा. तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजलेल्या अख्ख्या हालापेन्यो मिरच्या मीठ-लिंबू लावून येतात.

४. मेन्यू वाचताना

उच्चाराचे चार नियम पुरतात. दोन एल जोडून आले की ‘य’: टोर्तिया, केसादिया, पोयो. जे असेल तिथे ‘ह’: फाहिता, हालापेन्यो. एच मुका: ‘ओर्चाता’. आणि एनच्या डोक्यावर लाट असेल तर ‘न्य’. चुकलात तरी कोणी हसत नाही, पण बरोबर म्हटलंत तर वाढणाऱ्या बाईंचा चेहरा खुलतो.

आता मांसाहारी लोकांसाठी महत्त्वाचं. अनेक मराठी घरांत कोंबडी-मासे चालतात, पण गाय किंवा डुक्कर चालत नाही. मेन्यूवर बहुतेक नावं प्राण्याची नसून पाककृतीची किंवा अवयवाची असतात. ती अशी ओळखा:

- गाय-बैलाचं: कार्ने आसादा, बिस्तेक, सुआदेरो, लेंगुआ (जीभ), काबेसा (डोकं), आणि टेक्सासात बहुधा बार्बाकोआ.
- डुकराचं: आल पास्तोर, कार्नितास, चोरीसो, चिचार्रोन.
- कोंबडी: पोयो, तिंगा (बहुधा कोंबडीचीच).
- पाण्यातलं: पेस्कादो म्हणजे मासा, कामारोन म्हणजे कोळंबी.

दोन सापळे वेगळे सांगायला हवेत. आल पास्तोरचा उभा फिरता गोळा बघून शावर्मा आठवतो, आणि आठवण खोटी नाही. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनीच ही पद्धत तिथे नेली. पण मेक्सिकोत मांस बदललं आणि ते डुकराचं झालं. आमच्या शेजारच्या हैदराबादी मित्राला शेवटच्या क्षणी अडवलं होतं.

दुसरा सापळा फाहिता. भारतातल्या कॅफेत हा शब्द आपण ‘सिमला मिरची-कांदा घातलेलं काहीतरी’ अशा अर्थाने ऐकलेला असतो. मूळ शब्द ‘फाहा’ म्हणजे पट्टा. बैलाच्या पोटाकडच्या पट्टीसारख्या मांसाचं ते नाव. दक्षिण टेक्सासच्या गुराख्यांचं हे जेवण. म्हणून इथे नुसतं ‘फाहिता टाको’ म्हटलंत तर बीफच येईल. ‘चिकन फाहिता’ किंवा ‘व्हेजी फाहिता’ असं पूर्ण म्हणा. व्हेजी म्हटलं तरी भाज्या त्याच तव्यावर परततात, हे लक्षात असू द्या.

५. शाकाहारी असाल तर हे प्रश्न विचाराच

"नो कोमो कार्ने", मी मांस खात नाही, एवढं सांगून भागत नाही. ‘कार्ने’ म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बीफ येतं, आणि मग प्रेमाने विचारतात, "मग चिकन चालेल ना?" म्हणून यादी सांगायची: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो." अंडं नको असेल तर "सिन वेवो". ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’.

पण यात रस्सा आणि चरबी सुटते. त्यासाठी तीन प्रश्न.

पहिला, घेवड्याचा: "लोस फ्रिहोलेस त्येनेन मांतेका?" मांतेका म्हणजे डुकराची चरबी. लोणी म्हणजे ‘मांतेकिया’. शब्द इतके जवळचे आहेत की मी पहिल्यांदा ‘मांतेका’ ऐकून "हो हो, लोणी चालतं" म्हटलं होतं. घोटलेला, परतलेला घेवडा म्हणजे ‘रेफ्रितोस’, त्यात ही चरबी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ‘चार्रोस’ घेवड्यात बेकन असतं, विचारायचीही गरज नाही. ‘दे ला ओया’, म्हणजे नुसता भांड्यात उकडलेला, मीठ-कांदा घातलेला घेवडा मिळाला तर तो बघा. त्यातही कोणी डुकराचा तुकडा टाकतं, तेव्हा विचाराच. काही हॉटेलांत काळा घेवडा तेलात करतात. आमच्याकडे तसंच आहे. त्यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला टाकतात. घेवडा बाधू नये म्हणून, आपण हिंग-ओवा घालतो तसा.

दुसरा, भाताचा: "एल आर्रोस येवा काल्दो दे पोयो?" भातात कोंबडीचं पाणी आहे का. इथे अजून एक खाच आहे. पुष्कळदा पाणी साधंच असतं, पण त्यात टोमॅटो-कोंबडीच्या चवीची तयार पूड घातलेली असते. स्वयंपाकीण मनापासून "काल्दो नाही" सांगते, कारण तिच्या मते ती पूड म्हणजे मसाला. मग विचारायचं, "ई कोन्सोमे एन पोल्वो?" आणि पूड? जवळपास नव्वद टक्के वेळा मान हलते. आम्ही भात सोडून दिला आहे. त्याऐवजी जादा घेवडा किंवा आवोकाडो मागतो, आणि बदलून देतात.

तिसरा, टॉर्टियाचा. मैद्याच्या टॉर्टियातही चरबी असू शकते. मक्याची साधी टॉर्टिया म्हणजे मका, चुना, पाणी. तीच मागा: "दे माईस". तामालेस, म्हणजे सारण भरून पानात वाफवलेले पिठाचे उंडे, मात्र मक्याचे असूनही बहुधा चरबीतच मळलेले असतात.

बाकीचं थोडक्यात. चीज एन्चिलाडा (चीज भरून गुंडाळलेल्या टॉर्टिया) शाकाहारी वाटतात, पण टेक्स-मेक्समध्ये त्यांच्यावर ओततात ती तपकिरी ग्रेव्ही अनेकदा खिम्याची असते. हिरवी साल्सा मागा. चिले रेय्येनो ही चीज भरलेली मोठी पोब्लानो मिरची अंड्याच्या फेसात बुडवून तळतात. मोलेचा, म्हणजे वाटलेल्या मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा कोंबडीच्या पाण्यात सैल करतात. चीजमधलं रेनेट किंवा सावर क्रीममधलं जिलेटिन अशा प्राण्यांपासून येऊ शकणाऱ्या घटकांपर्यंत ज्यांचा नियम जातो, त्यांनी चीज-क्रीम सोडलेलंच बरं; हॉटेलवाल्यांना डब्यावर काय लिहिलंय ते आठवत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इथे फळांची ताटली आणि साधी टॉर्टिया यांपलीकडे फारसं काही हाती लागणार नाही.

हे प्रश्न गर्दीच्या वेळी विचारू नका. शनिवारी रात्री आठ वाजता वाढणाऱ्या मुलाला खरं माहीत नसतं, आणि आत जाऊन विचारायला सवड नसते, त्यामुळे तो "नाही" म्हणून सुटका करून घेतो. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी तीन वाजता जा. आमच्या हॉटेलात तेव्हा स्वयंपाकीणबाई स्वतः बाहेर येऊन खुर्चीवर पाय सोडून बसलेल्या असतात.

६. मग मागवायचं काय

माझी ऑर्डर ठरलेली. दोन टाको ‘राहास कोन केसो’, म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या चीजमध्ये. आणि एक टाको नोपालेसचा. नोपाल म्हणजे आपला फड्या निवडुंग. आमच्या आजोळी शेताच्या बांधावर याचंच कुंपण होतं आणि त्याच्या काट्यांवरून आम्ही कितीदा मार खाल्लाय. तो मूळचा या लोकांकडचाच, आपल्याकडे नंतर आला. काटे काढून, कोवळी पानं चिरून परततात. चव आंबटसर, किंचित भेंडीसारखी बुळबुळीत.

पावसाळ्याच्या सुमारास फळ्यावर ‘वित्लाकोचे’ आलं तर एकदा घ्या. मक्याच्या कणसावर येणारी काणी. ज्वारीवर काणी पडली की आपण कपाळाला हात लावतो. हे लोक ती केसादियात, म्हणजे चीज घालून दुमडलेल्या टॉर्टियात, घालून जास्त पैसे घेतात. काळं दिसतं, चव अळंब्यांची. नवऱ्याला आवडत नाही, मला आवडतं.

मुलांसाठी ‘एस्कितेस’: मक्याचे दाणे, मेयोनीज, चीज, तिखट, लिंबू. मेयोनीजमध्ये अंडं असतं. सकाळी जात असाल तर ब्रेकफास्ट टाको ही टेक्सासची मोठी सोय आहे. ‘पापा कोन वेवो’ म्हणजे बटाटा-अंडं, आणि तो चार-पाच मिनिटांत हातात येतो. नुसता बटाटाही देतात.

टाको हाताने खायचा. काटा-चमचा घेऊन बसलात तर दोन टेबलांपलीकडून लोक बघतील. दोन टॉर्टिया एकावर एक असतात, कारण खालची रस धरून ठेवते. सारण सांडलं तर दुसरीत गुंडाळायचं. आणि मान वाकडी करून टाकोकडे जायचं, टाको तोंडाकडे सरळ आणला की सगळं मांडीवर.

७. तव्यापाशी दोन मिनिटं उभे राहा

सगळीकडे हे बघायला मिळत नाही, पण जिथे टॉर्टिया समोर करतात तिथे जागा मिळाल्यास जवळ बसा. आमच्या हॉटेलात शनिवार-रविवारी दारालगत एक बाई मोठ्या काळ्या तव्यामागे असतात. तव्याला ‘कोमाल’ म्हणतात. ओल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा, लोखंडी दाबयंत्रात प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून एकदा दाब. मग तळहातावर उलटून तव्यावर. कडा सुटल्या की बोटांनीच उलटवतात, आणि तिसऱ्यांदा उलटल्यावर मधोमध हलकं दाबलं की फुगते. पापुद्रा सुटलेली भाकरीच.

त्या पिठाला वास कसला येतो ते मला बरेच दिवस ओळखू येईना. तो चुन्याचा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सालं सुटतात, धुऊन मग वाटतात. ही हजारो वर्षांची रीत आहे आणि ती नुसती चवीसाठी नाही. चुन्यामुळे मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपात मका गेला, ही रीत मागे राहिली, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाच्या रोगाने, गाठलं.

सासूबाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा पुन्हा तिथे येतील की नाही, मला खात्री नव्हती. आल्या. भाताकडे बघितलंही नाही, सरळ त्या तव्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मक्यात चुना किती घालता, असं मला विचारायला लावलं. त्या बाईंनी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पानाला लावतो त्याहून जास्त." मला हे स्पॅनिशमध्ये सांगता येईना. दोघींना त्याची गरजही पडली नाही. थोड्या वेळाने सासूबाईंच्या हातात एक गरम टॉर्टिया होती, वर मीठ भुरभुरून.

८. प्यायला

आग्वास फ्रेस्कास म्हणजे मोठ्या काचेच्या बरण्यांतली सरबतं. ‘हामाइका’ हे लाल अंबाडीच्या बोंडांचं, गडद लाल आणि आंबट. ‘तामारिंदो’ म्हणजे चिंच. चिंच आणि आंबा मूळचे त्यांचे नव्हेत. फिलिपिन्समधलं मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश जहाजं ये-जा करत होती. मेक्सिकोत आंब्याच्या एका जातीला अजून ‘मनिला’च म्हणतात. ‘ओर्चाता’ तांदूळ आणि दालचिनीचा, गोड आणि थंड. बर्फ कमी हवा असेल तर "पोको येलो". सगळं फार गोड असतं, मी अर्धं पाणी घालून घेते.

मार्गारिता, म्हणजे टकीला आणि लिंबाचं मद्य, घेणार असाल तर डॅलसची एक फुशारकी ऐकून ठेवा. बर्फाळ मार्गारिता देणारं यंत्र इथल्याच मारियानो मार्तिनेस या हॉटेलवाल्याने १९७१ मध्ये आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून बनवलं, आणि ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गोड लागते म्हणून हलकी समजू नका. गाडी चालवणारा आधी ठरवा. व्हिसावर असलेल्यांनी तर जास्तच जपावं. पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो.

९. बिल आणि टिप

बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही अशीही हॉटेलं आहेत. "ला क्वेंता, पोर फावोर."

टिपेची गंमत कळायला मला एक वर्ष लागलं. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या वाढप्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर रोख दिले तरी कायद्याला चालतं, बाकी टिपेतून भरून निघायचे असतात. त्यामुळे बैठकीच्या हॉटेलात १५ ते २० टक्के द्यावेतच. काउंटरवर ऑर्डर देऊन स्वतः ताट उचलत असाल तर ऐच्छिक. मी एक-दोन डॉलर बरणीत टाकते.

हिशेब असा. जेवण ४० डॉलरचं झालं. आमच्याकडे विक्रीकर ८.२५ टक्के, म्हणजे ३.३० डॉलर. टिप मूळ ४० वर काढायची: १८ टक्के धरले तर ७.२०. एकूण ५०.५०. कार्ड घेऊन जातात आणि दोन पावत्या आणतात. एकीवर टिप आणि एकूण रक्कम तुम्ही हाताने लिहायची, सही करायची आणि ती टेबलावर ठेवायची; दुसरी तुमची. मी पहिल्यांदा दोन्ही घरी घेऊन आले होते.

आता दोनदा टिप कशी दिली ते. सहा किंवा जास्त माणसं असली की पुष्कळ हॉटेलं १८ टक्के वगैरे स्वतःच बिलात धरतात. गणपतीत आम्ही नऊ जण गेलो होतो (हे आमचं नेहमीचं हॉटेल नव्हे, दुसरं). बिलात ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे टिपच) अशी बारीक ओळ होती, आणि खाली टिपेसाठी रिकामी जागाही होती. मी ती इमाने-इतबारे भरली. म्हणून मोठ्या गटात बिल खालपासून वर वाचा.

१०. कधी जायचं, कधी टाळायचं

मंगळवारी टाको स्वस्त असतात आणि गर्दी मरणाची. रविवारी सकाळी चर्चनंतर कुटुंबं येतात. वातावरण छान, पण त्या दिवशी मेनुदो शिजत असतो, म्हणजे बैलाच्या वजडीचा रस्सा, आणि त्याचा वास नाजूक नाकांना सोसत नाही. पाच मे हा दिवस बाहेरच्यांच्या हुल्लडीचा. तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे. १८६२ मध्ये पुएब्लाला फ्रेंच सैन्याला हरवल्याचा दिवस. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला. त्या आठवड्यात आमच्या हॉटेलात हिरव्या-पांढऱ्या-लाल पताका लागतात आणि फळ्यावर एरवी न दिसणारे पदार्थ येतात.

दुसऱ्या टेबलाजवळून जाताना लोक जेवणाऱ्यांना "प्रोवेचो", म्हणजे ‘सावकाश जेवा’ अशा अर्थाचं, म्हणतात, तुम्हीही म्हणा. चार-पाच वेळा गेलात की नाव विचारतील. तव्यामागच्या बाई मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे ‘पोरी’. मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

आणि डिसेंबरची तयारी आधीच करा. नाताळात तामालेस डझनाच्या हिशेबाने विकतात आणि ऑर्डर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन टाकतात. राहासचे सांगा, आणि चरबीऐवजी तेलात मळायला सांगा: "कोन असेइते, सिन मांतेका." निदान दोन डझन घेणार असाल तर आमच्याकडे वेगळं पीठ मळून देतात. पाकिटावर तेलाची खूण करून घ्यायला विसरू नका, बाहेरून सगळे सारखेच दिसतात.